61 हजारांच्या स्टिकबद्दल तुम्ही दिलेल्या दोन स्टारना माझं उत्तर

नमस्कार सर. रिव्ह्यू परवाच वाचला पण लगेच लिहिलं नाही, कारण रागाच्या भरात काहीतरी लिहून बसलो असतो. तुमचं म्हणणं असं की आमच्याकडून 61 हजारांची कस्टम पूल स्टिक बनवून घेतली, सहा महिने झाले, गेम होता तिथेच आहे, उलट पहिले दोन महिने जास्त मिस व्हायला लागलं, मित्र 6 हजारांच्या स्टिकने अजूनही हरवतो, पावसाळ्यात स्टिक वाकली, आणि विकायला काढली तर 30 च्या वर कोणी बोलत नाही. खाली लिहिलंय "निव्वळ लूट". लूट हा शब्द लागला सर, खोटं कशाला बोलू, पण बाकी जे लिहिलंय त्यातलं बरंचसं खरं आहे आणि काही गोष्टी मी ऑर्डर घेतानाच सांगायला हव्या होत्या.

मित्र 6 हजारांच्या स्टिकने हरवतो यात मला काही नवल वाटत नाही. स्टीफन हेंड्री स्नूकरमध्ये सात वेळा वर्ल्ड चॅम्पियन झाला तो लहानपणापासूनच्या एका साध्या 40 पौंडांच्या क्यूवर, म्हणजे स्टिकवर, आणि 2003 मध्ये ती विमानप्रवासात मोडली तेव्हा माणूस हळहळला तो किमतीसाठी नाही, इतक्या वर्षांची हाताची सवय गेली म्हणून. महागडी स्टिक पॉट करून देत नाही, हे मी दुकानात आलेल्या प्रत्येक पोराला सांगतो. तुम्हाला मात्र सांगितलं नाही, कारण तुम्ही आलात तेच डिझाइन मोबाइलमध्ये घेऊन आणि मीही त्या डिझाइनच्या नादात वाहवत गेलो.

तुमचं बिल माझ्यासमोर आहे. शाफ्टचे, म्हणजे स्टिकच्या पुढच्या भागाचे 18 हजार, मागच्या भागाच्या, बटच्या लाकडाचे 9, मजुरी 14, जॉइंट, लेदर रॅप, टिप आणि केस मिळून 4, आणि शिंपल्याच्या जडावकामाचे 16. म्हणजे हे 16 हजार खेळासाठी नाहीत, डोळ्यांसाठी आहेत. ते काम हातानं केलंय, एकेक खाच कोरून त्यात तुकडा बसवलाय, एका बाजूला तीन दिवस लागले, त्यामुळे पैसे जास्त घेतले असं मी म्हणणार नाही. पण व्हाइटला, म्हणजे आपण स्टिकने मारतो त्या पांढऱ्या बॉलला, ते शिंपले दिसत नाहीत. हे वाक्य तेव्हाच बोललो असतो तर तुम्ही कदाचित 45 मध्ये साधी स्टिक घेतली असती आणि आज खूश असता.

आता पहिल्या दोन महिन्यांत मिस का वाढलं ते नीट सांगतो, कारण माझ्या मते तुमच्या सगळ्या रागाचं मूळ तिथेच आहे. तुम्ही आठ वर्षं पार्लरच्या हाऊस स्टिकने खेळलात. व्हाइटला मधोमध न मारता साइड देऊन मारलं की ती सरळ जात नाही, जरा विरुद्ध बाजूला ढकलली जाते, आणि स्टिकचं पुढचं टोक जितकं जड तितकी जास्त ढकलली जाते. हाऊस स्टिकचं टोक जड असतं, त्यामुळे आठ वर्षांत तुमच्या डोळ्यांनी आपोआप शिकून घेतलं की साइड देताना इतकं बाजूला धरायचं, तुम्हाला ते कळलंही नसेल. मी तुम्हाला लो डिफ्लेक्शन शाफ्ट दिला, त्याचं पुढचं टोक मुद्दाम हलकं केलेलं असतं म्हणून व्हाइट कमी ढकलली जाते. शाफ्ट बदलला पण डोळ्यांचा हिशोब जुनाच राहिला, मग मारताय बरोबर आणि जातंय चूक. हे सुटायला रोज तासभर खेळणाऱ्यालाही महिना दीड महिना जातो आणि तुम्ही रविवारचे रविवार खेळता. त्यातही मधे मधे मित्राची स्टिक हातात घेतलीत (तुम्हीच लिहिलंय), म्हणजे डोळे सुधारतायत तोवर पुन्हा जुन्या हिशोबावर. दोन महिने एकच स्टिक, दुसरीला हात लावायचा नाही, एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. ती माझी चूक.

फायदा काहीच नाही झाला असं मात्र मी मानणार नाही. तुमची उंची सहा फूट दोन. पहिल्या दिवशी दुकानातल्या टेबलावर 58 इंची स्टिक दिली होती तेव्हा लांबच्या शॉटला तुमचा मागचा हात पार स्टिकच्या मागच्या टोकाच्या रबरी बंपरवर गेलेला, करंगळी हवेत. म्हणून 60 इंची बनवली आणि वजन थोडं मागे घेतलं. कस्टमचा खरा अर्थ माझ्यासाठी हा आहे, बाकी नक्षी नंतर. सरासरी उंचीच्या माणसाला 15-20 हजारांत सरळ, मुरलेल्या मेपलच्या लाकडाची चांगली स्टिक मिळते आणि त्याला मी कस्टम घेऊ नका असंच सांगतो.

वाकण्याबद्दल. वर्कशॉपमध्ये वर टांगलेले मेपलचे दांडे तुम्ही पाहिलेत, ते शोभेला नाहीत. दर काही आठवड्यांनी लेथवर थोडं थोडं उतरवतो, पुन्हा टांगतो, जो वाकला तो बाद, असं करत शाफ्ट तयार होतो. तरी लाकूड आहे, पुण्यातल्या पावसाळ्यात थोडं फुगणार, आणि गाडीच्या डिकीत ठेवलं तर उन्हाने आणखी हलणार. पण तुमची स्टिक वाकलीच आहे असं मला अजून वाटत नाही. ऑगस्टमध्ये तुम्ही दाखवायला आणलीत तेव्हा मी बाहेरगावी होतो, आमच्या मुलाने जोडलेली स्टिक टेबलावर फिरवली, टोक उड्या मारतंय बघून "थोडी वाकलीय, चालतं" म्हणाला. असं तपासायचं नसतं. दोन भाग सुटे करून वेगवेगळे फिरवायचे. दोन्ही सरळ फिरले आणि जोडल्यावरच टोक उडालं तर दोष जॉइंटच्या तोंडात असतो, ते तोंड लेथवर अगदी पातळ साफ करून घेतलं की काम झालं. "चालतं" म्हणून परत पाठवलं त्याबद्दल मनापासून सॉरी, त्याला मी हे आता शिकवलंय.

विकण्याचं तुमचं बरोबर आहे, माझ्या स्टिकला सेकंडहँड भाव नाही. अमेरिकेत जॉर्ज बालाबुश्का या नावाजलेल्या कारागिराच्या स्टिकला वेड्यासारखे पैसे मिळतात कारण तो 1975 मध्ये गेला आणि त्याच्या हातची नवी आता येणार नाही, ते पैसे जमवणारे लोक देतात. तुमची स्टिक तुमच्या उंचीची, तुमच्या हाताची. पाच फूट सहाच्या माणसाला ती लांबच पडणार, मग तो 30 च सांगणार.

तर असं करू. येत्या शनिवार-रविवारी कधीही या, संध्याकाळी सातनंतर वर्कशॉप मोकळं असतं. दोन्ही भाग तुमच्यासमोर फिरवतो. जॉइंट असेल तर लगेच करून देतो, शाफ्टच वाकलेला निघाला तर नवीन शाफ्ट, दोन्हीचा एक रुपया घेणार नाही. लो डिफ्लेक्शन नकोच असेल तर त्याच बटला साधा मेपलचा शाफ्ट बसवतो आणि फरकाचे पैसे परत करतो. दोन्ही शाफ्ट लावून आमच्या टेबलावर तासभर खेळा आणि मग ठरवा. रिव्ह्यू बदला असं मी म्हणत नाही, फक्त येताना स्टिक डिकीत नको, पुढे एसीत ठेवा.