'चाकरमानी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: चोचले कुणाचे?

चाकरमानी,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि तेव्हाच टाइप करायला बसले होते, पण मिस्टर म्हणाले आता झोप, सकाळी लिही. म्हणून आत्ता क्लिनिक उघडायच्या आधी लिहितेय. मागच्या आठवड्यात चाळिशीनंतर शरीर आणि मन धड राहावं म्हणून काय करावं यावर मी लेख टाकला होता. रोज अर्धा तास चालणं, आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम, संथ श्वास, झोपेची वेळ आणि मनातलं कुणाशी तरी बोलणं, एवढ्या पाच गोष्टी होत्या त्यात. त्यावर तुम्ही लिहिलंत ते जसंच्या तसं देते, कारण तुमची कमेंट आता बरीच खाली गेलीय:

'डॉक्टरीणबाई, एसी केबिनमध्ये बसून लिहायला काय जातंय. हे सगळे भरल्या पोटाचे चोचले आहेत. माझी बायको १६ वर्षं नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल पकडते, रात्री येते तेव्हा पाय सुजलेले असतात, झोप पाच तास. तिने तुमचा अर्धा तास कुठून आणायचा? दहा हजार पावलांचा आकडा तर जाहिरातीतला आहे. आणि डिप्रेशनवर चालणं सांगून लोकांना डॉक्टरपासून लांब ठेवताय.'

आधी 'डॉक्टरीणबाई'चं बघू. मी फिजिओथेरपिस्ट आहे, लेखाच्या पहिल्याच ओळीत तसं लिहिलंय, स्वतःला डॉक्टर मी कुठेच म्हटलेलं नाही. तुम्हाला माझं म्हणणं पटलं नाही तर नाही पटलं, पण टोमणा मारायची गरज काय होती? या ब्लॉगवर माझ्यापेक्षा जास्त शिकलेली माणसं येतात, चुका दाखवतात, मी त्या सुधारते. त्यातल्या कुणी मला बाईबिई म्हणून हिणवलेलं नाही. आणि एसी केबिन म्हणाल तर लालबागला तळमजल्यावरचा गाळा आहे, दोन बेड, एक पंखा, पावसाळ्यात उंबऱ्यापर्यंत पाणी. कधीही येऊन बघा.

आता दहा हजार पावलांचं. इथे तुमचं बरोबर आहे, मान्य. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मीटर' असा होता, आणि तो आकडा तिथून जगभर पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्कर बायकांवरचा एक मोठा अभ्यास छापून आला, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास गेल्यावर पुढे फारसा फरक पडला नाही. मी लेखात सवयीने दहा हजार लिहून गेले, ते काल रात्रीच बदललंय. झालं समाधान?

पण 'भरल्या पोटाचे चोचले' हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीये, त्यावर मी बोलणारच.

मी लालबागच्या चाळीत वाढले. दहा बाय बाराची खोली, सात माणसं, संडास मजल्याच्या टोकाला. बाबा कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत कधी आत गेलेच नाहीत, त्यात माझे बाबा. आई चौघांचे डबे करायची, मग आठ जणांचे, मग पापड लाटायला लागली. भरलं पोट म्हणजे काय ते आम्हाला सांगू नका हो. रात्री भात कमी पडला की आई म्हणायची माझा उपास आहे, आणि आम्हाला ते खरं वाटायचं.

आणि हे मुद्दाम सांगते, व्यायाम हा श्रीमंतांचा प्रकार कधीपासून झाला? लालबाग, परळ, नायगावच्या व्यायामशाळा कुणी भरवल्या? साच्यावर आठ तास उभं राहून आलेल्या माणसांनीच ना. पाळी सुटली की मल्लखांब, कबड्डी, जोर-बैठका, आणि कुणाकडे पैसे नव्हते. तिथे मेंबरशिप नव्हती, आरसे नव्हते, लाल माती होती आणि मारुतीचा फोटो. बाबा संपाआधी कबड्डी खेळायचे. संपात ते बंद झालं, मग दिवसभर गॅलरीत कठड्याला टेकून बसायचे, दाढी नाही, बोलणं नाही, आम्ही शाळेतून आलो तरी मान वळायची नाही. चाळीत सगळे म्हणायचे मनाला लावून घेतलंय. डिप्रेशन हा शब्द आमच्याकडे नव्हता. त्यांचे एक जुने सोबती रोज संध्याकाळी यायचे आणि अक्षरशः दंड धरून त्यांना मैदानावर न्यायचे, पोरांना शिकव म्हणायचे. पहिले कितीतरी दिवस बाबा नुसते कडेला उभे राहिले. नंतर शिट्टी हातात घेतली. ते पूर्ण बरे झाले असं मी म्हणत नाही, गिरणीचा विषय निघाला की शेवटपर्यंत ते उठून जायचे. पण त्या शिट्टीनंतर ते घरी येऊन जेवायला लागले, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि तुम्ही त्याला चोचले म्हणताय.

आता अर्धा तास कुठून आणायचा. लेख तुम्ही नीट वाचला असता तर तिसऱ्या परिच्छेदात दिसलं असतं की हा अर्धा तास एका तुकड्यात हवा असं मी म्हटलेलंच नाही. पूर्वी जागतिक आरोग्य संघटना सांगायची की एका वेळी निदान दहा मिनिटं तरी सलग करा, तर ते मोजायचं. २०२० च्या त्यांच्या नव्या सूचनांमध्ये ती अट काढून टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम, पण तीन-चार मिनिटांचे तुकडेसुद्धा धरायचे. मध्यम म्हणजे काय तर चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढंच. स्टेशनचा पूल भराभर चढणं त्यात बसतं. पाण्याच्या दोन कळश्या उचलून आणणं बसतं. ताकदीसाठी जिम नको, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात टेकून जोर काढा, कठड्याला धरून टाचा वर-खाली करा. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, आणि साठीत बाई बाथरूममध्ये पडली की आपण म्हणतो पाय घसरला. खरं तर मांडीत ताकदच उरलेली नसते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आज्या याच कारणाने येतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये, हेही ऐका. २०१४ मध्ये सासूबाईंना अर्धांगवायू झाला. मी तेव्हा भांडुपला राहायचे आणि प्रभादेवीला एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नोकरी करायचे, नाव घेत नाही, रजा मागितली तर मॅडमने सांगितलं की दुसऱ्या मुली रांगेत उभ्या आहेत. पहाटे सासूबाईंचं सगळं उरकायचं, डबे, मुलाची शाळा, मग ट्रेन. तुमच्या बायकोसारखीच पाच तास झोप, कधी चार. आणि मग एक दिवस दादरच्या पुलावर माझी छाती धडधडायला लागली, हात बधिर, वाटलं हार्ट अटॅक. एका कोळणीने टोपली बाजूला ठेवून मला पायरीवर बसवलं. ईसीजी नॉर्मल निघाला. सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून मी रांगेत बसले, होय, मी स्वतः, आणि गोळ्या घेतल्या अकरा महिने. बरोबर थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणीही करून घेतली, कारण ही दोन्ही बिघडली तरी थकवा आणि उदासी असंच दिसतं. माझं बी-१२ पार तळाला होतं.

तिथल्या डॉक्टरांनीच विचारलं, दिवसात चालता कुठे? मी म्हटलं, वेळ नाही. ते म्हणाले, स्टेशनवरून पुढे कशाने जाता? शेअर टॅक्सीने. तिच्या लाइनीत रोज दहा-पंधरा मिनिटं उभी राहायचे, हे तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून दादर स्टेशन ते प्रभादेवी चालत, वीस-पंचवीस मिनिटं. वेळ वाढला तो पाच-सात मिनिटांनी. पैसे उलट वाचले. आणि ट्रेनमध्ये उभ्या उभ्या संथ श्वास, चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, मुलुंडहून येणाऱ्या गर्दीत कोपर बरगडीत घुसलेलं असतानासुद्धा. श्वास सोडायचा वेळ लांबवला की हृदयाचे ठोके जरा खाली येतात, हे शरीराचंच तंत्र आहे, त्यात कुणाचं पोट भरलंय की रिकामं हे बघितलं जात नाही.

आणि म्हणून 'डॉक्टरपासून लांब ठेवताय' यावर मी जास्त बोलणार नाही. जिने स्वतः अकरा महिने गोळ्या घेतल्या तिला हे ऐकवू नका. लेखाच्या शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिलाय, चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. सौम्य उदासीत चालण्याने मदत होते, पण झोप-भूक उडाली, जगण्यात अर्थ नाही असं वाटायला लागलं तर चालायला जा असं मी कुणालाही सांगणार नाही, डॉक्टर गाठा असंच सांगेन. चालू गोळी तर मनाने कधीच बंद करायची नाही. लेखात एवढं ठळक लिहिलं नव्हतं असं कुणी म्हणालं तर ठीक, आता इथे लिहिलं.

झोपेचं जे म्हणताय त्यावर वेगळं लिहावं लागेल, इथे नको. मोठ्या माणसाला सात तास लागतात हे मलाही माहितीये, आणि नालासोपारा लांब आहे हे काही मी केलेलं नाही.

हे सगळं लिहिल्यावर तुमची कमेंट परत वाचली. राग अजून आहे. पण 'पाय सुजलेले असतात' हे मी काल नुसतं वाचून पुढे गेले होते आणि माझ्या धंद्यात असं पुढे जाता येत नाही, म्हणून हे तुमच्यासाठी नाही, वहिनींसाठी लिहितेय. सूज दोन्ही पायांना येते की एकाच? एकाच पोटरीला सूज असेल, दुखत असेल, हाताला गरम लागत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रविवारपर्यंत थांबू नका, शिरेत गुठळी असू शकते. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ कॅज्युअल्टी. दोन्ही पायांना असेल आणि सकाळी उतरत असेल तर बहुतेक वेळा खूप उभं राहिल्याने येते, पण तरी एकदा बीपी, लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. बीपीची गोळी चालू असेल तर तिचं नाव डॉक्टरांना सांगा, अॅम्लोडिपिनसारख्या गोळीनेही पाय सुजतात. लोकलमध्ये उभं असताना दर स्टेशनला वीस वेळा टाचा उचलायच्या, पोटरी दाबली गेली की रक्त वर ढकललं जातं. रात्री पंधरा मिनिटं पाय भिंतीला लावून आडवं पडायचं, तेवढा वेळ भांडी तुम्ही घासा. पापड-लोणचं जरा कमी.

क्लिनिक सोमवार ते शनिवार संध्याकाळी पाच ते नऊ उघडं असतं. वहिनींना करी रोडला उतरायला सांगा आणि आधीचे रिपोर्ट असतील तर बरोबर आणा.