डायलिसिसची पाळी चुकवायला सांगणाऱ्या संदेशाबद्दल

गेल्या महिन्यात माझ्या मावशीने शनिवारची डायलिसिसची पाळी चुकवली. मंगळवार, गुरुवार, शनिवार हा तिचा क्रम दोन वर्षे ठरलेला आहे. तो मोडायला कारण झाला नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा एक व्हॉट्सअ‍ॅप संदेश. त्यात म्हटले आहे: ‘डायलिसिस जितक्या जास्त वेळा कराल तितकी किडनी आळशी होते. आठवड्यातून तीन पाळ्या केवळ रुग्णालयांच्या कमाईसाठी असतात. एक पाळी आणि रोजचे नारळपाणी पुरेसे आहे. परदेशात तर रोज डायलिसिस करून किडनी पुन्हा सुरू करतात.’ पहिला आणि शेवटचा दावा एकमेकांना खोडून काढतात, हे तो पुढे पाठवणाऱ्या एकाच्याही लक्षात आले नाही.

सर्वांत घातक सल्ला नारळपाण्याचा आहे. धडधाकट माणसाला ते चांगलेच. परंतु ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, त्याच्या शरीरातून पोटॅशियम बाहेर पडायला डायलिसिसखेरीज फारशी वाट उरत नाही, आणि नारळपाण्याच्या एका ग्लासात सुमारे ४०० ते ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. रक्तात ते साचले की हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि कधी कधी कोणतीही पूर्वसूचना न देता हृदय थांबते. पाळ्या कमी करा आणि नारळपाणी वाढवा, हे दोन्ही एकाच वेळी सांगणे म्हणजे उघड उघड जिवाशी खेळ आहे.

शनिवार चुकल्यामुळे गुरुवारनंतर थेट मंगळवार उजाडला. मावशीचे ड्राय वेट, म्हणजे अंगातले जादा पाणी काढल्यानंतरचे वजन, ५२ किलो. त्या सकाळी काटा साडेसत्तावन्नवर थांबला. पायांवर बोट दाबले की खळगा तसाच राहत होता आणि आडवे झाले की दम लागतो म्हणून आदली रात्र तिने उशांना टेकून बसून काढली होती. नेहमीच्या वेळापत्रकातला दोन दिवसांचा खंडसुद्धा निर्धोक नसतो. अमेरिकेतील ३२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून २०११ मध्ये असे दिसले की, त्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचे प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त असते.

राहिला कमाईचा आरोप. निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास काम करतात. चार तासांच्या तीन पाळ्या मिळून होतात १२. जास्त पाळ्यांनी काय होते, याची थेट चाचणी उत्तर अमेरिकेत झाली असून ती २०१० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. २४५ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून एका गटाला आठवड्यातून तीन, तर दुसऱ्याला सहा पाळ्या वर्षभर दिल्या गेल्या. सहा पाळ्यांच्या गटात हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूचे वस्तुमान कमी झाले, रक्तदाब आणि फॉस्फरस अधिक आटोक्यात राहिले आणि रुग्णांना स्वतःची शारीरिक स्थितीही बरी वाटली. मात्र त्याच गटात फिस्टुलासारख्या (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) रक्तमार्गावर उपचार करण्याची वेळ अधिक वेळा आली, आणि केवळ मृत्युदरावर निर्णायक उत्तर देण्याइतकी ती चाचणी मोठी नव्हती. म्हणून सरसकट सर्वांना सहा पाळ्या द्याव्यात, असे मी म्हणणार नाही. पण तीन पाळ्या म्हणजे लूट, हा आरोप या पुराव्यापुढे टिकत नाही.

रोज डायलिसिस केल्याने किडनी पुन्हा सुरू होते, हे खोटे आहे. अचानक उद्भवलेल्या आजारात मूत्रपिंडे कधी कधी सावरतात, परंतु तिथेही यंत्र केवळ तोपर्यंतचा वेळ निभावून नेते.

‘आळशी किडनी’च्या दाव्यात मात्र अर्धे सत्य आहे, हे मान्य करणे भाग आहे. रात्रभर चालणाऱ्या वारंवार डायलिसिसच्या चाचणीत ज्यांना थोडीफार लघवी होत होती, त्यांची ती लवकर घटली. तसेच पुरेशी लघवी होणाऱ्या काही रुग्णांना डॉक्टर सुरुवातीला आठवड्यातून दोनच पाळ्या देतात; पण ते २४ तासांची लघवी गोळा करून, तपासून आणि ती तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करून. मावशीला आता दिवसभरात अर्धी वाटीही लघवी होत नाही, आणि तो संदेश वाचून दाखवणाऱ्यांपैकी कोणीही तिला तेवढे विचारले नव्हते.