अण्णांचे डोळे उघडताना

आमच्या अण्णाकाकांचं गेल्या थंडीत सहस्रचंद्रदर्शन झालं. गंगापूर रोडला हॉल, 81 दिव्यांनी ओवाळणं, जिलबी, मसालेभात, मठ्ठा, सगळं कसं साग्रसंगीत. म्हणजे ज्या माणसाने हजार पौर्णिमेचे चंद्र बघितले त्याचा सत्कार, आणि 34 जणांच्या ग्रुप फोटोत नेमका त्या एकाच माणसाने डोळे मिटलेले. बाकी 33 जण टक्क उघड्या डोळ्यांनी बघतायत, अगदी आमचा मेव्हणा सुद्धा, जो एरवी सत्यनारायणाला बसल्या बसल्या झोपतो.

आता लगेच पुढचा फोटो होता, त्यात अण्णांचे डोळे छान उघडे, मिशीखाली हसू पण आहे, पण त्यात काकू मान वळवून मठ्ठा वाढणाऱ्यावर ओरडतायत, दोन पोरं पळून गेलीत आणि पुतण्याचं बोट नाकात. मग घरच्यांनी ठरवलं की पहिल्या फोटोतले सगळे आणि दुसऱ्यातले अण्णा असं करून मोठी फ्रेम करायची. आणि करणार कोण तर मी. कारण 8 वर्षांपूर्वी मी एका मुंजीची पत्रिका कॉम्प्युटरवर केलेली, त्यात पण मुहूर्ताची वेळ चुकली होती, पण ते कुणी लक्षात ठेवत नाही.

"तुला काय, 5 मिनिटांचं काम," आत्या म्हणाली. आत्या सिन्नरहून कार्यक्रमाला आली ती फ्रेम घेऊनच जाणार होती, म्हणजे डेडलाईन आमच्याच घरात, दिवाणावर बसलेली.

रविवार होता. आमच्याकडे रविवारी सकाळी मिसळ खायला जायचं असतं, हा नाशकातला जवळजवळ धर्म आहे. मी म्हटलं 10 ला बसतो, 10 वाजून 5 मिनिटांनी उठतो, मग जाऊ.

काम खरंच सोपं आहे हो, ऐकायला. फोटोशॉपमध्ये दोन्ही फोटो एकावर एक ठेवायचे, खाली पहिला, वर दुसरा, अशा एकेका थराला लेयर म्हणतात. वरच्याला लेयर मास्क लावायचा. मास्क म्हणजे काय तर त्या फोटोला चिकटलेलं एक काळंपांढरं चित्र, जिथे पांढरं तिथे फोटो दिसतो, जिथे काळं तिथे झाकला जातो, आणि राखाडी असेल तर दिसतो पण आणि नाही पण. शुभ्र पांढरं 255, काळं 0, मधल्या सगळ्या छटा धरून 256 पायऱ्या. पुसलं काहीच जात नाही, फक्त झाकलं जातं, हीच तर त्यातली गंमत. तर मी अख्खा वरचा फोटो काळ्या मास्कने झाकला आणि पांढरा ब्रश घेऊन अण्णांच्या चेहऱ्यापुरता उघडायला सुरुवात केली.

काही होईना.

ब्रश फिरवतोय, फिरवतोय, अण्णा आपले डोळे मिटून शांत. ब्रश मोठा केला. माऊस बदलला. आत्या म्हणाली वायफाय गेलं असेल. तिला सांगितलं की याला वायफाय लागत नाही, तरी तिने उठून राऊटर बंद करून चालू केला आणि वर "आता बघ" म्हणाली. आता पण नाही. 20 मिनिटं मी त्या चेहऱ्यावर असा पांढरा फिरवला की दिवाळीच्या आधी भिंतीला सुद्धा एवढा देत नाहीत.

मग कुठेतरी आठवलं की शिफ्ट दाबून मास्कवर क्लिक केलं की मास्क तात्पुरता बंद होतो, त्याच्यावर लाल फुली येते. केलं. आणि खालून अण्णा वर आले ते थेट पिठाच्या गिरणीतून. चेहरा, मिशी, टोपी, सगळं पांढरंफटक! म्हणजे ब्रश अगदी नीट चालत होता, पण मी मास्कवर रंगवतच नव्हतो, फोटोवर रंगवत होतो, आणि फोटो काळ्या मास्कखाली झाकलेला म्हणून मला दिसत नव्हतं. लेयरच्या पट्टीत दोन चिमुकली चित्रं शेजारी शेजारी असतात, एक फोटोचं, एक मास्कचं, ज्याच्याभोवती बारीक चौकट त्याच्यावर आपण काम करतोय. ती चौकट इतकी बारीक असते की माझ्या नंबरच्या चष्म्यातून ती म्हणजे श्रद्धेचाच विषय. नंतर मला एक खूण सापडली, मास्क निवडलेला असला की तिथे कुठलाही रंग घ्या तो राखाडीच होतो. लाल घ्या, राखाडी. पिवळा घ्या, राखाडी. रंग रंगासारखा दिसला की समजायचं आपण चुकीच्या घरात शिरलोय.

कंट्रोल झेड करत मागे जावं म्हटलं तर ते साधारण 50 पावलांपर्यंतच जातं, आणि मी तर चुन्याचे शंभरेक हात दिलेले. मग तो फोटो पुन्हा आणला, पुन्हा ठेवला, पुन्हा मास्क. साडेअकरा. मिसळीला घरचे मला न घेता निघून गेले. आत्या राहिली.

आता चौकट मास्कवर. ब्रश पांढरा. तेवढ्यात लाईटबिल भरायची आठवण आली, भरायला गेलो, ओटीपी आला, मी टाईप केला, बघतो तर बिलाच्या पानावर काहीच नाही. पुन्हा क्लिक करून टाईप केला, बिल भरलं, परत आलो. ब्रश फिरवला तर अण्णांच्या मिटलेल्या पापण्यांवर काहीतरी धुरकट हललं. अजून फिरवला, अजून थोडं. असं वाटायला लागलं की अण्णा समाधीतून हळूहळू बाहेर येतायत. आत्या घाबरली, म्हणाली, "अरे असं काय अंगात आल्यासारखं दिसतंय."

तर झालं होतं असं की तो पहिला ओटीपी मी फोटोच्या खिडकीत टाईप केलेला. आणि ब्रश हातात असताना आकडा दाबला की ब्रशची अपारदर्शकता बदलते, 5 दाबलं की 50 टक्के, 0 दाबलं की 100, दोन आकडे पटापट दाबले तर तेवढे टक्के. माझा ओटीपी 03 ने संपत होता. म्हणजे बँकेला द्यायचा गुप्त आकडा मी अण्णांना दिला आणि त्यांनी तो मान्य करून 3 टक्के डोळे उघडले. यात सॉफ्टवेअरची काय चूक, मी जे सांगितलं तेच त्याने ऐकलं. फक्त ते तोंडाने काही बोलत नाही. घरातलं मोठं माणूस रुसलं की कसं, काय झालं विचारलं की "कुठे काय", आणि आपण आपलं ओळखत बसायचं की चहा आधी शेजाऱ्याला दिला म्हणून की मुळात साखर कमी म्हणून.

0 दाबलं, 100 टक्के केला, ब्रश फिरवला. आणि अहो काय सांगू, अण्णांचा उजवा डोळा खाडकन उघडला. टपोरा, हसरा. पोटात इतकं हलकं वाटलं. मग डाव्यावर ब्रश. काही नाही. पुन्हा. काही नाही. माऊस आपटला, नाही. मी जरा मागे सरकून बघितलं आणि माझ्या लक्षात यायच्या आत आत्याच्या आलं.

81 व्या वर्षी, गळ्यात हार, खांद्यावर शाल, आजूबाजूला 33 नातेवाईक, आणि अण्णा डोळा मारतायत.

आत्या हसून हसून दिवाणावर आडवी झाली, आणि उठली ती फोन लावायलाच. "दादा, तू लगेच इकडे ये, तुझं हे काय चाललंय बघ." आणि अण्णा आले. दोन गल्ल्या सोडून राहतात, दुपारच्या उन्हात छत्री घेऊन आले. स्क्रीनसमोर खुर्ची ओढून बसले, स्वतःला डोळा मारताना बराच वेळ बघितलं, आणि विचारलं, "खिडकी कुठे कापलीस?"

मला कळेचना. मी म्हटलं अण्णा ही खिडकी नाही, ह्याला मास्क म्हणतात.

"मास्कच म्हणतोय मी," अण्णा म्हणाले.

तर हे मी विसरूनच गेलो होतो. अण्णांची अख्खी नोकरी रविवार कारंजाजवळच्या एका ऑफसेट छापखान्यात गेली. तिथे कॉम्प्युटर नव्हता तेव्हा ते टेबलाखाली दिवा लावून, लाल फिल्म ब्लेडने कापायचे. त्या लाल फिल्ममधून प्रकाशाचा जो भाग प्लेटला लागतो तो जायचाच नाही, म्हणजे जिथे लाल तिथे झाकलेलं आणि जिथे खिडकी कापली तिथे उघडं. हेच की ते! मी त्यांना उलटी तिरकी रेघ असलेलं बटण दाबून दाखवलं, त्याने मास्क फोटोवरच लाल काचेसारखा दिसतो, तर अण्णा असे खुश झाले की जसा जुना मित्र भेटला. म्हणे, "बघ, लालच ठेवलाय अजून!" मग त्यांना फाळके आठवले, त्र्यंबकेश्वरचे, ते पण सिनेमाच्या आधी फोटोग्राफी आणि छापखान्याच्याच धंद्यात होते, हे अण्णा दर दोन महिन्यांनी सांगतात आणि अशा सुरात की मधे एक संधी हुकली नाहीतर तेही.

"बाहेर लागत नाही म्हणजे खिडकीच्या बाहेर रंगवतोयस तू," अण्णा. आणि ट्यूब पेटली. सकाळी मी उजव्या डोळ्याभोवती लासोने, म्हणजे हाताने कड आखायच्या साधनाने, सिलेक्शन केलेलं, मग त्या कडेने चालणाऱ्या मुंग्या, म्हणजे हलणारी तुटक रेघ, डोळ्याला त्रास देतात म्हणून कंट्रोल एच मारून लपवल्या. मुंग्या लपल्या, पण सिलेक्शन होतंच, आणि ते असलं की ब्रश त्याच्या बाहेर एक ठिपका उमटवत नाही. कंट्रोल डी मारला की सुटतं. मी घाईत मारला कंट्रोल आय. चालू सिलेक्शनपुरताच मास्क उलटा झाला आणि उघडलेला डोळा पण मिटला.

"निगेटिव्ह केलंस," अण्णा शांतपणे म्हणाले. "परत पलटव." पलटवला, मग कंट्रोल डी, मग डावा डोळा. उघडला! आत्याने टाळ्या वाजवल्या, अण्णांनी समोरच्या अण्णांकडे बघून मान हलवली.

मधेच कॅप्स लॉक दाबला गेला आणि ब्रशचा गोल जाऊन नुसती बारीक फुली आली, किती मोठा ब्रश चाललाय ते कळेना, त्यात 10 मिनिटं गेली, ते सोडा.

खरी पंचाईत नाकाची. दोन फोटोंच्या मधे अण्णांनी मान जराशी काकूंकडे वळवलेली, त्यामुळे डोळे वरच्या फोटोतले, नाक खालच्यातलं, आणि त्यांचं एकमेकांशी काही जमेना. म्हणून नाक पण वरचं घेतलं तर कडेला मऊ ब्रशचा राखाडी पट्टा आला आणि तिथे दोन्ही नाकं अर्धी अर्धी दिसायला लागली. एक झाकलं तर दुसरं उघडं पडतं, दोन्हीकडून झाकायला गेलो तर मधे सपाट. ज्या गावाचं नावच कापलेल्या नाकावरून पडलं असं सांगतात, जिथून पंचवटी 15 मिनिटांवर, तिथे बसून मी वडीलधाऱ्या माणसाचं नाक कापतोय. लक्ष्मणाला निदान एका फटक्यात जमलं होतं, मला दीड तास लागला.

शेवटी अण्णाच म्हणाले, "डोळ्यापुरतं कशाला कापतोस, गळ्यापासून अख्खं मुंडकं घे, शिवण उपरण्यात लपव." काय सांगायचं! मी खांद्यापर्यंत सगळे वरच्या फोटोतले अण्णा उघडले, कड हाराच्या झेंडूंमधून आणि शालीच्या काठावरून नेली. ऑल्ट दाबून मास्कवर क्लिक केलं की नुसता मास्क दिसतो, काळ्या पाटीवर पांढरं मुंडकं, त्यात राहिलेले डाग, ठिपके सगळे दिसतात, ते एकेक बुजवले. संध्याकाळी 6 ला फोटो असा झाला की कुणाला सांगून खरं वाटणार नाही. अण्णा म्हणाले, "छापायला जाऊ दे," आणि चहा घेऊन छत्री विसरून गेले.

मी त्या आनंदात सगळे लेयर एकत्र चिकटवले, जेपीजी केली, कॉम्प्युटरमधल्या जड फाईली पुसल्या, हो, त्यातली लेयरवाली पण. दुसऱ्या दिवशी मेन रोडवरून 2 फूट बाय 3 फुटाच्या दोन फ्रेमा, एक आत्याला, एक काकूंच्या हॉलमध्ये. सगळ्यांनी बघितलं, सगळ्यांना आवडलं, मला लोकांनी व्हॉट्सॲपवर अंगठे दिले.

परवा काकूंचा फोन आला. आवाज वेगळा.

"अरे, ह्यांच्या डाव्या खांद्यावर हा हात कुणाचा आहे?"

मी म्हटलं, कुठला हात?

"हिरव्या बांगड्यांचा. मागे आत्या उभी आहे, तिचे दोन्ही हात समोर जोडलेले दिसतायत. मग हा कुणाचा?"

मला घाम फुटला. दुसऱ्या फोटोत आत्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो मी शालीसकट उघडला, मनगटापर्यंत, आणि मनगटाच्या मागे काही नाही. 2 फूट बाय 3 फुटात, हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, 4 महिने. मी म्हटलं काकू, मी ते काढून देतो, आणि म्हणता म्हणताच आठवलं की काढायला आता काही शिल्लकच नाही.

फोनवर मागून अण्णांचा आवाज आला, "राहू दे गं, माझी काही तक्रार नाही."