श्रीमंत होण्याची पुस्तकं कशी वाचावीत

पैशांचं शहाणपण पुस्तकांतून शिकायचं ठरवलंत, अभिनंदन! आता पहिलं पथ्य: नगर वाचनालयाची पायरी चढू नका. तिथं पुस्तक मुदतीत परत मागतात, म्हणजे ते वाचावं लागतं. त्यापेक्षा सहा-सात जाडजूड पुस्तकं एकदम मागवा, तीही क्रेडिट कार्डावर, आणि बिल आलं की 'मिनिमम ड्यू', म्हणजे कमीत कमी भरावीच लागणारी रक्कम, तेवढीच भरा. चक्रवाढ व्याजाचं प्रकरण मग वेगळं वाचायला नको. त्या प्रकरणात ७२ चा नियम असतो. ७२ ला वार्षिक व्याजदरानं भागलं की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होईल ते कळतं. पीपीएफ या सरकारी बचत योजनेच्या ७.१ टक्क्यांना दहा वर्षं लागतात. महिन्याला साडेतीन टक्के लावणाऱ्या कार्डाला दोन वर्षंही पुरे. दुप्पट कुणाची होते हा तपशील सोडला, तर नियम अगदी चोख आहे.

पुस्तक शक्यतो अमेरिकनच निवडा. मराठी अनुवाद चालेल, पण आतला देश तोच हवा. म्हणजे ४०१ (के) आणि रॉथ आयआरए या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यांवर तुम्हाला साताऱ्याच्या पोवई नाक्यावर चहा गार होईपर्यंत बोलता येईल. ती खाती अमेरिकेतल्या कमावत्या माणसांसाठी आहेत, त्यामुळे सातारकराला त्यांत दमडी भरावी लागत नाही, हा त्यांचा मोठाच गुण. उलट आपलं पीपीएफ बघा. वर्षाला किमान ५०० रुपये, मुदत १५ वर्षं, आणि महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरले तर त्या महिन्याचं व्याज पदरात. झालं, संपलं! यावर दोनशे पानांचं पुस्तक कोण छापणार? आणि ज्यावर पुस्तक नाही त्यात पैसे घालायचे म्हणजे अडाणीपणाच.

वाचन नियमित हवं. पहाटे पाचला उठा, अजिंक्यतारा मागे दिसेल अशा बेतानं पुस्तक धरा, फोटो काढा आणि परत झोपा. वर्षाला ५२ पुस्तकं हे किमान उद्दिष्ट ठेवा. कथा-कादंबऱ्या वर्ज्य, त्यांच्यावर परतावा मिळत नाही.

आणि वाचनाची गोडी? ती तर बिलकुल लागू देऊ नका. गोडी लागलेला माणूस हळू वाचतो, मागचं पान पुन्हा उलटतो, पेन्सिल घेऊन समासात स्वतःच्या घरखर्चाचा हिशेब मांडतो. असे एक निवृत्त मास्तर माझ्या पाहण्यात आहेत. अख्खा पावसाळा एकच पुस्तक घेऊन बसले, मधून मधून कादंबऱ्या वाचत, आणि उघडीप मिळाली तसे बँकेत जाऊन सगळ्या ठेवींवर वारसाचं नाव लावून आले. एका बँकेत पाच लाखांपर्यंतच ठेवींना विमा असतो हे वाचल्यावर सगळी पुंजी एकाच बँकेत ठेवायची नाही, हेही त्यांनी ठरवून टाकलं. आता सांगा, अशा माणसाशी गप्पा काय मारणार?

अगदीच वाचावंसं वाटलं तर रविवारी भिलारला जा. २०१७ च्या मे महिन्यात ते पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, कुणीही बसून वाचावं, पैसे लागत नाहीत. तुम्ही बसू नका. पाटीशेजारी उभे राहा, स्ट्रॉबेरी क्रीम खा आणि अंधार पडायच्या आत घाट उतरा.

तीन पुस्तकं झाली की तुम्ही फ्युचर्स-ऑप्शन्सला, म्हणजे शेअर बाजारातल्या पुढच्या भावांवरच्या सौद्यांना, पात्र झालात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०२४ मध्ये हिशेब मांडला होता: तीन वर्षांत या बाजारात उतरलेल्या एक कोटीहून अधिक किरकोळ व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. घाबरू नका. ते बिचारे न वाचलेले असणार. तुम्ही उरलेल्या सात टक्क्यांतले आहात, हे वेगळं सांगायला हवं का?

मार्चअखेरीला मेव्हण्यांच्या ओळखीतला विमा एजंट घरी येईल. त्याला बसवून वर्षभरात वाचलेलं सगळं ऐकवा. महागाई, जोखीम, विमा आणि गुंतवणूक एकत्र का करू नये, काहीही सोडू नका. तो कंदी पेढा खात मान डोलवेल, मग वीस वर्षं हप्ते भरायची पॉलिसी पुढे सरकवेल. बोट ठेवेल तिथं सही करा. फॉर्म मात्र वाचत बसू नका. अक्षर फार बारीक असतं, आणि तुमची यंदाची ५२ तर केव्हाच झालीत.