दोन भाकऱ्यांवर नव्वदी: एका प्रतिसादाला उत्तर

'आईच्या ताटात किती होतं' या मागच्या लेखावर 'जुना वाचक' या नावाने आलेला प्रतिसाद बऱ्याच जणांनी वाचला असेल. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. आईच्या खुरपणीच्या दिवसांतलं जेवण मी 1200 कॅलरीच्या आसपास मोजलं होतं आणि ती अर्धपोटी राबली असं लिहिलं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं असं की माझे आकडे जुने आहेत, 55 किलोच्या बाईचा हिशेब मी 42 किलोच्या आईला लावला, 1200 वर वर्षानुवर्षं कोणी खुरपणी करूच शकत नाही, म्हणजे मोजदादच चुकली, आणि मी पोषणावर लिहिणारे सांख्यिकीतज्ज्ञ सुखात्मे वाचलेले नाहीत. शेवट जसाच्या तसा: "आमच्या आजीने दोन भाकऱ्यांवर सात लेकरं वाढवली, नव्वदी गाठली, ती तुमचे तक्ते वाचून नव्हे. अभ्यास वाढवा, ताई." पुढे हात जोडल्याचं चित्र.

नमस्कार. आपण वेळ काढून लेख वाचलात, आभार.

आधी चूक कबूल करते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा 2010 चा तक्ता मी वापरला. त्यात मध्यम कष्टाच्या बाईला दिवसाला 2230 कॅलरी दिल्या आहेत, 2020 च्या तक्त्यात 2130. शंभराचा फरक आहे, माझ्याकडची झेरॉक्स जुनी होती, दुरुस्त करते. पण हे एका साध्या वाक्यात सांगितलं असतंत तरी मी ऐकलं असतं. "शिळे आकडे गरम करून वाढलेत" असं लिहायची काही गरज नव्हती.

आणि हे 'अभ्यास वाढवा'. समोरच्याचा अभ्यास किती आहे याची चौकशी न करता हे वाक्य फेकायची आपल्याकडे साथच आली आहे. तर सांगते. मी गृहविज्ञानाची पदवीधर आहे. नऊ वर्षं मुख्यसेविका म्हणून अंगणवाड्या पाहिल्या. गरोदर बाईला रोज 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं जादा मिळावीत असा तिथला नियम. पाकिटं मी स्वतः मोजून दिली आहेत. पाकीट घरात गेलं की त्याची लापशी व्हायची, सासऱ्यापासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांच्या वाटीत पडायची आणि जिच्या नावाने ते आलं ती पातेलं खरवडायची. हे मी दारात उभं राहून पाहिलंय. तेव्हा बाई किती खाते हे मला निदान कुणी चित्र काढून शिकवू नये.

आता आजी.

दोन भाकऱ्या म्हणजे किती हो? भाकरी हे काही माप नाही. आमचं गाव मंगळवेढ्याकडचं, शाळूच्या रानातलं. माझी आजी काठवटीत उंडा मळायची तो दोन्ही तळव्यांत मावत नसे, आणि थापलेली भाकरी तव्याच्या कडेला टेकायची. आजी गेली, पण थोरली आत्या अजून तशीच थापते. दिवाळीत गेले होते तेव्हा तिला म्हटलं, एका भाकरीचं पीठ घे. तिने ओंजळ भरून घेतलं, मी ते इलेक्ट्रॉनिक काट्यावर टाकलं: 118 ग्रॅम. आत्या म्हणाली, "आता सोनं विकतीस व्हय पिठाचं?" पुण्यात माझ्या भाकरीला 62 ग्रॅम लागतं. (मूळ लेखात मी 80 धरलं होतं, मधलं माप म्हणून.) शंभर ग्रॅम ज्वारीला 334 कॅलरी धरा. आत्याच्या दोन भाकऱ्या झाल्या 790 च्या आसपास, माझ्या दोन 415. तुमची आजी यातल्या कुठल्या दोन खायची?

पुढचं. दोन भाकऱ्या दिवसाच्या की एका वेळच्या? न्याहारीला शिळी भाकरी ताकात कुस्करून, दुपारी बांधावर, रात्री चुलीपाशी, अशी तीन वेळची गोष्ट असते ती. आणि नुसती भाकरी कोण खातं? सोबत शेंगाची चटणी असते, कोरड्यास म्हणजे डाळीचं नाहीतर भाजीचं कालवण असतं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात 520 कॅलरी असतात, तेव्हा मूठभर चटणी अर्ध्या भाकरीला भारी पडते. शिवाय नुसत्या ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी पडतो, ती उणीव डाळ भरून काढते. हे आजीला ठाऊक नव्हतं, पण ताटात होतं.

आणि हे पाहिलं कुणी? आपण तेव्हा सहा-सात वर्षांचे असाल. ताटावर बसलेलं पोर आजीला खाताना बघतं कुठे? आजी वाढते, पोर जेवतं, उठतं, खेळायला जातं. ती नंतर जेवते. माझी आजी शेंगा फोडताना तोंडात टाकायची, गूळ ठेचताना टाकायची, पिठल्याची कढई भाकरीच्या तुकड्याने पुसून खायची. यातलं काही कुणी मोजलं नाही. मग वीस-तीस वर्षांनी नातू लिहितो, 'दोन भाकऱ्या'.

नव्वदीचंही बोलू. तुमच्या आजीने नव्वदी गाठली, आनंद आहे. माझ्या आजीची धाकटी जाऊ पाचव्या बाळंतपणात गेली, बत्तिसाव्या वर्षी. तीही दोन भाकऱ्यांवरच होती. तिच्या नावाने कुणी प्रतिसाद लिहीत नाही, कारण तिच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकायला नातू नव्हते. अंगावर पिणारं मूल असेल तर पहिल्या सहा महिन्यांत बाईला रोज 600 कॅलरी जास्त लागतात, हे 2020 च्या, म्हणजे तुमच्या ताज्या तक्त्यातच आहे. सात लेकरं म्हटलीत ना? करा गुणाकार.

सुखात्म्यांचं नाव घेतलंत. पां. वा. सुखात्मे साताऱ्याकडच्या बुध गावचे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख, मोठा माणूस. अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी 1971 साली 2250 कॅलरी धरून दारिद्र्याची रेषा मांडली, त्या पद्धतीवर सुखात्म्यांचा आक्षेप होता. एकाच माणसाचं खाणं आणि अंगातल्या शक्तीचा खर्च दिवसागणिक कमीजास्त होतो, शरीर ते एका मर्यादेत सांभाळून घेतं, म्हणून सरासरीखाली गेलेला प्रत्येक जण उपाशी धरू नये, असं ते म्हणत. दांडेकरांना ते पटलं नव्हतं. पुण्यात आमच्या मास्तरांच्या पिढीने हा वाद चवीने ऐकलाय. पण 'एका मर्यादेत' हे शब्द आपण सोयीस्कर गाळलेत. घाण पाण्याने हगवण लागली की खाल्लेलं अंगी लागत नाही, हेही सुखात्मे सांगत. तेही आपल्या प्रतिसादात दिसलं नाही. नाव टाकायचं तर माणूस अख्खा आणावा.

42 किलोबद्दल एवढंच: वजन कमी तर गरज कमी, हे शाळकरी पोरही सांगेल. पण वजन 42 वरच का थांबलं, तेही विचारा की. 1200 चा मुद्दा तपशिलाचा आहे, त्यात शिरत नाही.

खरं तर शिरणार होते. काल आईला फोन करून प्रतिसाद वाचून दाखवला. वाटलं, तिला राग येईल. तर म्हणाली, "बराबर हाय की त्याचं. शेंगा काढायला गेलं की दिवसभर तोंड चालूच असायचं. ओल्या शेंगा, हुरडा, बोरं. पदरात घिऊन यायचो वर."

"मग लेखाच्या वेळी मला सांगितलं का नाहीस?"

"तू ताटात किती होतं ते इचारलंस."

याने आपला मुद्दा सिद्ध झाला असं कृपया समजू नका. सुगी दोन-तीन महिन्यांची. आषाढात रानात काय खाणार, तण?

मूळ लेखात 2230 च्या जागी 2130 केलं आहे आणि खाली तशी नोंद टाकली आहे. चूक दाखवणाऱ्याचं नाव द्यायची माझी पद्धत आहे, पण आपण ते लिहिलेलंच नाही.