काडी उचलू दिली नाही

"दादा, तुमच्या तिकडच्या म्हाताऱ्या सोफ्यावर बसून राहत्यात, म्हणून त्यांना पाय उचलायला शिकवावं लागतंय. इथं सत्तरीतल्या बायका कापूस वेचायल्यात."

जिंतूरजवळच्या आमच्या गावातून चुलतभावाने परवा फोनवर हे ऐकवलं, तेव्हापासून डोकं तापलंय. मी एवढंच म्हणालो होतो की म्हातारी माणसं पडू नयेत म्हणून जे व्यायाम आहेत, ते गावोगावच्या उपकेंद्रात शिकवायला हवेत.

मी राहतो न्यूझीलंडमधल्या डनेडिनला. माझ्या शेजारच्या आजी ८४ वर्षांच्या. बघावं तेव्हा घोट्यांना वजनाचे पट्टे बांधून, ओट्याला धरून उलट्या चालत असतात. "दोन फेऱ्या राहिल्यात," म्हणत मला दारातच उभं करतात. व्यायाम इथल्याच ओटागो विद्यापीठाने बसवलेले. पायांची ताकद आणि तोल यांसाठी आठवड्यातून तीनदा अर्धा तास, शिवाय थोडं चालणं. फिजिओ किंवा नर्स घरी येऊन शिकवते. ६५ ते ९७ वयाच्या १०१६ जणांवर चार अभ्यासांत तपासलं, तर पडणं ३५ टक्क्यांनी कमी झालं. खुब्याच्या ऑपरेशनपेक्षा पट्टा स्वस्त, हा हिशेब एसीसीला, म्हणजे अपघातांचा खर्च उचलणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेला, कळतो. आमच्या भावाला सोफा दिसतो.

आपल्याकडेही वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. आशाताई घरोघर जो फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांना विचारतात, उभं राहताना, चालताना तोल जातो का? आईलाही विचारलं होतं. ती "व्हय" म्हणाली. ताईंनी खूण केली, चहा घेतला, गेल्या. पुढे कुणी आलं नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत काठी-चष्म्याला ३००० रुपये मिळतात, काठी लागूच नये म्हणून कुणी दमडी देत नाही. आणि लागतं काय? जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून वाळू भरली तरी भागतं.

"एवढं चांगलंय तर तिकडं म्हातारे होममधी का राहत्यात?" भावाने विचारलं. तो विषय वेगळा, असं मी म्हणालो.

कापसाचं बोलणं मात्र खोल लागलं. आई साठीपर्यंत रानात जायची. 'पोरगं परदेशात आहे, आता कशाला खुरपायला जातीस?' हे मीच म्हणालो. कामाला बाई लावली, कमोड बसवला, मऊ खुर्ची घेतली. तासभर उकिडवी बसून भाकरी थापणारी बाई हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठेनाशी झाली. मी इथे चारचौघांत मिरवायचो, आईला काडी उचलू देत नाही म्हणून. सहा वर्षांनी पहाटे न्हाणीच्या उंबऱ्यात पडली.

ऑपरेशन नांदेडला झालं. मी पोचलो अकराव्या दिवशी. तोवर दहा रात्री हाच भाऊ तिच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपला होता. त्याने हे मला कधी सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

परवा फोन ठेवता ठेवता तो नरमला. "बरं, व्यायाम चांगलाय. पण मोठ्या आईला धरून उभं कोण राहणार, दादा?"

"आशाताई," मी म्हणालो.

"तिच्याकडं हजार माणसं हायेत."