बुटकं टोक

चौदा महिने वाट पाहून पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाचा, हाताने घडवलेला क्यू (चेंडू मारायचा दांडा) करून घेतला आणि काल पहिल्यांदा टेबलापाशी नेला. माझी बाजू एवढीच. आता त्या गृहस्थांकडे वळतो.

ते स्वतः खेळत नाहीत. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या चुका मोजतात. मी पेटीतून दोन तुकडे काढून जॉइंट फिरवायला लागलो, तसे ते उठले.

"बघू काठी."

"क्यू आहे, काका."

"तेच ते. वजन किती?"

"१९.५ औंस. साधारण साडेपाचशे ग्रॅम."

"त्यात कौतुकाचे किती?"

मी हसलो. तेव्हा अजून हसू येत होतं.

"कुठल्या मशीनवर केली?"

"मशीन नाही. हाताने घडवलाय."

"मग गोल कशी झाली? किसणीवर?"

"लेथवर."

"लेथ म्हणजे?"

"...मशीन."

"हं," ते म्हणाले. या 'हं'वर मी रात्रभर उत्तरं रचली. सगळी उत्तम होती, आणि सगळी रात्री दोननंतर सुचली.

मी समजावायला गेलो (ही माझी जुनी खोड). मॅपलचा शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता भाग, एका दमात कातत नाहीत. थोडा कातायचा, टांगून ठेवायचा, लाकडाला वाकायचं तेवढं वाकू द्यायचं, मग पुन्हा थोडा. असं महिनोन् महिने चालतं, तेव्हा कुठे टिपेपाशी १३ मिलिमीटरच्या आसपास जाडी उरते आणि पुढे सरळ राहण्याची आशा धरता येते.

"आणि तोवर तू काय करत होतास?"

"वाट बघत होतो."

"सराव केला असतास."

हेही सोसलं असतं. पण मग त्यांनी क्यू दिव्याखाली धरला आणि हळूहळू फिरवला. बटावर, म्हणजे मागच्या जाड भागावर, चार टोकं आहेत: मॅपलमध्ये व्हीच्या आकाराच्या खाचा, त्यांत एबनीच्या काळ्या लाकडाच्या पाचरी, कडेने व्हेनियरच्या (लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या) रंगीत पट्ट्या. लोकांना ती रंगवलेली वाटतात. कातताना केंद्र केसभर सरकलं की एखादं टोक लगेच आखडतं, म्हणून कारागिराची परीक्षा तिथेच होते: चारही एका उंचीवर संपली पाहिजेत.

त्यांनी अंगठ्याचं नख टेकवलं.

"हे एक जरा बुटकं आहे."

अर्धा मिलिमीटर. फार तर. चौदा महिन्यांत मला दिसलं नसतं, चौदा वर्षांतही नसतं. आता दुसरं काहीच दिसत नाही.

टोकांनी खेळात तसूभरही फरक पडत नाही, हे मी शपथेवर सांगतो. बाजूने फिरकी दिली की पांढरा चेंडू नेम सोडून किंचित दुसरीकडे सरकतो. तो किती सरकेल हे शाफ्टच्या पुढच्या वीतभर भागाचं वजन ठरवतं. तो भाग हलका, तर सरकणं कमी. एबनी, व्हेनियर, मुठीवरचा लिननचा दोरा, म्हणजे मी ज्यावर जीव टाकला ते सगळं मागच्या बाजूला. टिप चेंडूला टेकते ती जेमतेम सेकंदाचा हजारावा भाग. ज्या 'फील'बद्दल मी तासन् तास बोलतो, ती बातमी हातातून मेंदूत पोचेपर्यंत चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो.

हे सगळं कळून काल मी आठ नंबरचा सोपा चेंडू भोकाच्या तोंडाशी सोडला. वाकलो तेव्हा नजर चेंडूवर नव्हती, टोकावर होती. खुर्चीतून 'हं' आला.

राग कशाचा, तर त्यांनी काहीच गमावलं नाही. ना वाट पाहिली, ना पैसे मोजले. नख टेकवलं आणि परत जाऊन बसले. आणि माझ्याच हातून क्यू घेताना साधा हातही पुसला नाही, बोटांना टिपेला लावायचा निळा चॉक लागलेला. खेळत नाहीत तर चॉक आला कुठून?

आज बुटकं टोक खाली राहील असा क्यू धरून खेळलो. दोन चेंडू बरे गेले. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा एक पोरगा, ज्याला मी ओळखतही नाही, जवळ येऊन अदबीने म्हणाला, "सर, ती बुटकी काठी हीच का?"